काथ्याच्या भिंती

श्रावणाच्या विरळ उन्हात आई उंबऱ्याशी बसून जुने दोर उसवू लागे, तेव्हा काथ्याचे पिंगट तंतू तिच्या केसांवर, भुवयांवर अलगद उतरत आणि क्षणभर ती एखाद्या अनोळखी, अकाली वृद्ध स्त्रीसारखी भासे. दोर तिच्या माहेरच्या होडीचे होते. खाऱ्या वाऱ्याचा गंध अजून त्यांत मुरलेला होता.

बोईसरच्या त्या नव्या चाळीतली आमची खोली उघड्या सिमेंटची होती. यंत्रमागांच्या अखंड खडखडाटाने बाबांचे कान मंदावले होते. घरी त्या कठीण भिंतींवरून उलटून येणारे शब्द एकमेकांत मिसळत आणि त्यांच्यापर्यंत नुसता कल्लोळ पोहोचे. ते हसून मान हलवीत. त्या हसण्यातली लाचारी आईला सोसवत नसे. चाळीजवळच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी तिला सुचवले, भिंतींवर काहीतरी जाड, सच्छिद्र लावा, घुमणारा आवाज त्यात विरून जाईल. मग पावसाळाभर तिने गोणपाटात काथ्या भरून गाद्या शिवल्या. बोटे सोलवटली, तरी ती थांबली नाही.

दिवाळीच्या सुमारास भिंती झाकल्या गेल्या, खोलीतला कोलाहल ओसरला, शब्द धुतल्यासारखे सुटे झाले. त्याच आठवड्यात मावशी आली. माझ्या लग्नाचा विषय निघाला. बाबा पाठमोरे बसून चहा पीत होते, आणि आई इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्यादेखत बोलून गेली, "पोरीला बगाला येतील तवा यांना तुज्याकडं धाडते. पावन्यांसमोर हसं नको. नायतरी यांना कुटं काय आयकू येतंय!"

बाबांनी बशी खाली ठेवली. "येतंय गो," ते म्हणाले. "आता सगलं आयकू येतंय."

"माज्या मनात तसं नवतं वो," आई कशीबशी म्हणाली. त्यांनी वळून पाहिले नाही.

पाहुणे आले त्या दिवशी बाबा न सांगता कामावर निघून गेले. माझे लग्न ठरले. त्यानंतर ती दोघे हळू बोलत, मोजके बोलत. जेवण, पाणी, दार लोटून घेणे, एवढेच. रागाचा एक शब्दही त्या घरात कधी उमटला नाही, आणि त्याहून निष्ठुर काही मी पाहिलेले नाही.

बाबा गेले. गेलेल्या माणसाचा आवाज काळ हळूहळू पुसून टाकतो. त्याच्यासाठी नसलेले, पण त्याने ऐकलेले एखादे वाक्य मात्र मागे उरलेल्यांच्या कानांत वर्षागणिक अधिक स्पष्ट होत जाते.