गुप्तहेराच्या गाण्यातला ठणका

मी चहाचा एक जुना पितळी ट्रे आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही, पण ऐकले नक्की असेल. काळा कोट घातलेला तो गुप्तहेर पडद्यावर पाठमोरा चालत जातो, गिटार हळूहळू चढत जाते, आणि तो वळतो त्या क्षणी अंगावर काटा आणणारा एक वाकडा, लांबत जाणारा आवाज येतो. तो आवाज माझा.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. पत्रा ठोकताना त्याचे लक्ष उडाले आणि माझी एक कड नको तितकी पातळ झाली. तो स्वतःवरच चरफडला आणि चांगल्या भांड्यांच्या मागे मला सरकवून मोकळा झाला. तिथून मी एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या कँटीनमध्ये आलो. तिथे चहा करायला मावशी होत्या. नवरा अकाली गेला, मुलगी लहान, म्हणून त्यांनी ही नोकरी धरली होती. दिवसभरात किती कप धुतले याची गणती नसे, पण कोणाला साखर कमी आणि कोणाला आले चालत नाही हे त्या कधी विसरत नसत.

स्टुडिओच्या दारावर लाल दिवा असेपर्यंत कोणालाही आत जाता येत नसे. दिवा विझला की मावशी मला कमरेशी धरत, लाकडी डावाने एक ठोका देत आणि लगेच माझी पातळ कड कमरेवर दाबत. त्यामुळे आवाज निघता निघताच वाकत असे. आधी वर चढे, मग थरथरत खाली येई. चहा आला म्हणून ओरडायची मग गरजच उरत नसे.

त्या दिवशी गुप्तहेराच्या चित्रपटाच्या शीर्षकगाण्याचे रेकॉर्डिंग चालले होते. गुप्तहेर वळतो त्या क्षणासाठी संगीतकार साहेबांना एक आवाज हवा होता. झांजा झाल्या, मोठी घंटा झाली, पियानोच्या तारांवर चमचाही फिरवून झाला. साहेबांच्या मनास काही येईना. दुपारी लाल दिवा विझला, मावशींनी नेहमीसारखा ठोका दिला, आणि साहेब दार उघडून बाहेर आले ते तिथेच खिळले.

"मावशी, आत या."

"आणतेच साहेब, कपात ओतते."

"चहा राहू द्या. तो ट्रे घेऊन या."

मावशी मायक्रोफोनसमोर उभ्या राहिल्या. पदराला हात पुसून त्यांनी मला कमरेशी धरले. दहा वेळा साहेबांनी नकार दिला. अकराव्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग मावशींना बाजूला घेऊन म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही हं. लोकांना वाटू दे, काहीतरी गूढ वाद्य आहे. वेळ आली की मी स्वतःच सांगेन."

"बरं साहेब," मावशी म्हणाल्या. साहेबांनी कप तोंडाला लावला आणि चहा गार झाला म्हणून त्यांनाच चार शब्द सुनावले.

चित्रपट तुफान चालला. गाण्याने तर लोकांना वेडच लावले. दारावरच्या घंटा त्या सुरात वाजू लागल्या. लोक जिना उतरताना ते गुणगुणत आणि शेवटच्या पायरीवर गर्रकन वळत. माझ्या आवाजाला 'तो ठणका' असे नाव पडले. त्या गाण्याच्या चाहत्यांचे मंडळ निघाले. त्याचे अध्यक्ष होते दातांचे एक डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात दिवसभर हेच गाणे चाले. रुग्णाच्या दाढेत एक ठणका आणि भिंतीवरच्या स्पीकरमध्ये दुसरा. ते मनाने वाईट होते असे मी म्हणणार नाही. या गाण्यावर त्यांचा खरोखर जीव होता. ठणका कोणत्या वाद्याचा, यावर त्यांनी दोनशे पानांचे पुस्तक लिहिले होते.

आणि साहेब? मुलाखतीत ते आधी हसून टाळत. पुढे सांगू लागले की ते दूर देशातून आणलेले दुर्मीळ वाद्य होते, आता ते हरवले आहे. रेडिओवर हे ऐकताना मावशी चहा गाळत होत्या. "साहेबांच्या लक्षात राहिलं नसेल," असे त्या पुटपुटल्या आणि गाळणी आपटून साफ केली. दिलेला शब्द त्यांनी चाळीस वर्षे पाळला. वेळ आली की सांगणार होते ते साहेब एक दिवस गेले, न सांगताच गेले. स्टुडिओही बंद पडला. मावशी मला घरी घेऊन आल्या.

मग त्यांनी प्रथमच मुलीला सगळे सांगितले. मुलगी आता पोस्टाच्या खिडकीवर काम करत होती. दिवसभर लोकांशी डोकेफोड करून ती घरी येई.

"आई, पुरे. शेजारी ऐकतील."

"मी खोटं बोलते का गं?"

"तसं नाही म्हणत मी. पण अख्ख्या जगानं शोधलेलं वाद्य आपल्या स्वयंपाकघरात निघालं, हे तुला तरी पटतं का?"

मावशींना ते जिव्हारी लागले. त्यांनी दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. शेवटी मुलगीच म्हणाली, "त्या मंडळाचा रविवारी मेळावा आहे. तिथेच जाऊ. काय तो सोक्षमोक्ष लागू दे एकदाचा."

सभागृह भरलेले होते. पुष्कळ जण काळे कोट घालून आले होते. मावशींचे म्हणणे ऐकून डॉक्टरांनी त्यांना हात धरून मंचावर नेले, खुर्ची दिली. नंतर प्रश्न सुरू झाले. गाणे कोणत्या सुरात होते? मावशींना माहीत नव्हते. तालाच्या किती मात्रा? माहीत नव्हते. वादक किती होते?

"सतरा," मावशी चटकन म्हणाल्या. "सोळा चहा, एक कॉफी."

सभागृह खो खो हसले. मावशीही थोड्या हसल्या. त्यांना वाटले, लोकांना आपण आवडलो.

"मग वाजवून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, मावशींचे मनगट दोन वर्षांपूर्वी मोडले होते आणि कंबर वाळून काटकी झाली होती. पहिला ठोका फुकट गेला. मी नुसता खडखडलो. मागून कोणीतरी ओरडले, "मावशी, दोन कटिंग!" दुसऱ्या ठोक्याला डाव हातातून सुटला. तो उचलायला कोणी वाकले नाही. मावशीच गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. मुलगी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

तिसऱ्या वेळी मावशींनी श्वास रोखला, ठोका दिला आणि उरलीसुरली ताकद लावून मला कमरेवर दाबले. मी वाजलो, अगदी त्या दिवशी वाजलो होतो तसाच. वर चढलो, वाकलो, थरथरत उतरलो.

डॉक्टर माझ्या अगदी समोर होते. तो आवाज त्यांनी हजारो वेळा ऐकला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरताना मी पाहिले. त्यांनी ओळखले, यात मला तिळमात्र शंका नाही.

मग ते लोकांकडे वळले आणि हसले. "छान! पण चाळीस वर्षं ऐकल्यावर नक्कल कुणालाही जमते. आमचा कुत्राही सुरात भुंकतो."

हशाने छत दणाणले. ध्वनिक्षेपकावर मूळ गाणे लागले. सगळे उभे राहिले, छातीवर हात ठेवून. मावशींची खुर्ची कोणीतरी बाजूला ओढली. मला पोटाशी धरून त्याही उभ्या राहिल्या आणि स्वतःचाच ठणका त्यांनी त्या गर्दीत ऐकला.

बाहेर आल्यावर मुलगी एवढेच म्हणाली, "झाली हौस?"

दुसऱ्या दिवसापासून पोस्टातले सहकारी तिला पाहिले की पत्र्याच्या पेटीवर ठणका देऊ लागले. आठवडाभर तिने सोसले. मग एका संध्याकाळी घरी येऊन ती रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "खोटंच होतं गं ते. म्हातारपणी डोकं फिरतं माणसाचं." मुलीने डोळे पुसले. "मला माहीतच होतं," ती म्हणाली. मला गॅलरीत कुंडीखाली ठेवण्यात आले. मातीचे पाणी झिरपून माझ्यावर हिरवे डाग पडले.

तीन महिन्यांनी, एका दुपारी, डॉक्टर घरी आले. मावशी एकट्याच होत्या.

"मावशी, त्या दिवशी मला कळलं होतं," ते दारातच म्हणाले.

"मग तिथे का नाही बोललात?"

"काय बोलणार होतो? निम्मं आयुष्य मी त्या आवाजापायी घालवलं. आणि तो निघाला चहा झाला म्हणून वाजवलेला ट्रे!" त्यांचे डोळे भरून आले होते. "एकदा बघू द्या मला तो."

मावशींनी कुंडी बाजूला केली, मला चिंचेने घासले, पुसले आणि त्यांच्या हाती दिले. "घेऊन जा. तुमच्याकडे त्याचा मान राहील. माझं एकच काम करा. माझ्या मुलीला सांगा. दुसऱ्या कुणाला नका सांगू. ती पाच वाजता येते."

"सांगतो. थांबतो मी."

डॉक्टर मला मांडीवर घेऊन बसले. साडेचार वाजले. मावशी कितीतरी दिवसांनी हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले, दाराकडे पाहिले. मग ते उठले, मला कोटात घातले आणि चपलांचा आवाज न करता जिना उतरले. मागे स्वयंपाकघरात मावशी कपबश्या मांडत होत्या. आवाजावरून मी मोजल्या. तीन.

दवाखान्यात आणल्यावर डॉक्टरांनी स्वतःच्या हातांनी माझ्या पाठीला जाड रबर चिकटवले. वरून पांढरा रुमाल अंथरला आणि रुग्णांसाठी पाण्याचा जग आणि ग्लास माझ्यावर ठेवले. आता मला कितीही ठोका, मी वाजत नाही. भिंतीवर मात्र ते गाणे दिवसभर चालू असते. त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिच्या शेवटी लिहिले आहे की ठणक्याचे मूळ कोणालाही कधी कळणार नाही.

गेल्या महिन्यात मावशींची मुलगी दवाखान्यात आली. खूप थकलेली दिसत होती.

"डॉक्टर, आई गेली," ती म्हणाली. "शेवटचे दोन दिवस एकच घोकत होती. दातांच्या डॉक्टरांना विचार, त्यांना माहीत आहे. काय माहीत आहे तुम्हाला?"

डॉक्टर बेसिनपाशी हात धूत होते. त्यांनी बराच वेळ हात धुतले.

"कवळीबद्दल काही असेल," ते म्हणाले. "म्हातारपणी असं होतं."

"हो. मलाही तसंच वाटलं."

तिने जगमधले पाणी ग्लासात ओतले, प्यायली, ग्लास रुमालावर परत ठेवला आणि गेली. तिच्या हाताखाली मी होतो. जीव तोडून वाजावेसे वाटले, पण हूं की चूं करता आले नाही.

मित्रांनो, आवडत्या गाण्यावर भरभरून प्रेम करा. पण ते ज्याच्या हातून आले तो माणूस समोर आला, आणि तो तुमच्या कल्पनेइतका रुबाबदार निघाला नाही, तर त्याला हसू नका. त्याचे खरे तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच्या माणसांसमोर तेवढे एक वाक्य बोला. आणि त्यासाठी पाच वाजेपर्यंत थांबावे लागले, तर थांबा.