पॉप्लरखालचा कोट

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नोलन ट्रँथमने सॉरेल खिंडीच्या रस्त्याकडेला, पॉप्लरच्या झाडाच्या बुंध्याशी पडलेला एक जुना जाडाभरडा कोट उचलला. त्यावर वास घालवायचा फवारा तीन-चारदा मारला, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, पिशवीचं तोंड आवळून बांधलं आणि ती पिकअपच्या हौद्यात टाकली. मग धनुष्य खांद्याला लावून तो चढण चढला.

कोटाला तंबाखू, डुकराची चरबी आणि कुत्रं असा तिन्हींचा वास होता. वारा खिंडीतून वर चढत होता आणि नोलनचं मचाण तिथून दीडशे पावलांवर होतं. बंदूकवाल्याचं लांबूनही भागतं. तिरंदाजाला हरीण पंचवीस पावलांच्या आत यावं लागतं, आणि तेवढ्या वाटेत हरणाचं नाक सगळ्या गावाची खबर काढतं. म्हणून नोलन शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायचा, ओकच्या पाल्यासोबत डब्यात बंद ठेवायचा आणि मोसमात कॉफीसुद्धा सोडायचा. त्याची बायको म्हणायची, "लग्नाच्या दिवशीही एवढा घासून आंघोळ करून आला नव्हतास."

आठ टोकांच्या शिंगांचा एक नर तीन आठवडे त्याला हुलकावण्या देत होता. दोन शनिवारांपूर्वी तो चाळीस पावलांवर आला आणि नेमकी तेव्हाच कुणाची तरी कुत्री अस्वलामागे बोंबलत मचाणाखालून गेली. नर जो गेला, तो आठवडाभर दिसला नाही. तेव्हा घड्याळात सव्वाआठ झाले होते.

हे महत्त्वाचं होतं, कारण दहाचा करार होता. जंगल सरकारी, आणि मचाणावरचे तिरंदाज असोत की अस्वलामागे कुत्री सोडणारे, शिकार दोघांचीही कायदेशीर. पण गेल्या वर्षी एका कुत्रीला तीर लागला आणि एका मचाणाच्या दोऱ्या कापल्या गेल्या, तेव्हा बर्नेटच्या पेंडीच्या दुकानात बसून अकरा जणांनी एका कागदावर सह्या केल्या. रस्त्याच्या पूर्वेला सकाळी दहापर्यंत कुत्री सोडायची नाहीत. दहानंतर मचाणवाल्यांनी खाली उतरायचं. कागद गल्ल्यामागे टाचलेला होता. त्याला कायद्याचा आधार नव्हता, सह्या तेवढ्या होत्या.

आठला पाच मिनिटं कमी असताना खालून, रस्त्याच्या बाजूने, कुत्र्याचा आवाज आला. एकदाच, लांब, शेवटी चिरका झालेला. मग बराच वेळ पाचोळा वाजत राहिला, गोल गोल फिरल्यासारखा. नोलनने दात आवळले आणि फोनमध्ये वेळ टिपून ठेवली. त्यानंतर हरणाची वाट बघण्यात त्याचं मन लागलं नाही. दहा वाजता तो उतरला आणि घरी न जाता सरळ बर्नेटच्या दुकानात गेला.

मॅक्सीन बर्नेट गल्ल्यावर होती. साठीची, चष्मा कपाळावर चढवलेला, दोन्ही बाजूंची भांडणं ऐकून पिकलेली. दाराशी व्हर्लिन लेडफोर्ड पाठमोरा उभा राहून भिंतीवर काहीतरी चिकटवत होता. व्हर्लिन एकाहत्तर वर्षांचा. गुडघा गेल्यावर त्याने सगळी कुत्री विकली होती, एक सोडून.

"आलास? तोंडावरूनच दिसतंय, हरीण नाही," मॅक्सीन म्हणाली.

"हरीण कुठून येणार? पाच कमी आठला कुत्रं सोडलं होतं कुणीतरी. वेळ लिहून ठेवलीय. त्या कागदाचा उपयोग काय मग? पेंड बांधायला घ्या."

व्हर्लिन वळला. त्याच्या हातात चिकटपट्टी होती. "किती कुत्री होती?"

"एकच. तुमच्यावर आळ नाही घेत मी, व्हर्लिन."

"घे रे, काय हरकत नाही. किती वेळा भुंकलं?"

"एकदाच."

"शेवटी आवाज फाटल्यासारखा झाला?"

नोलनने भिंतीकडे पाहिलं. कागदावर चट्ट्यापट्ट्यांच्या एका कुत्रीचं चित्र होतं आणि खाली व्हर्लिनच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: जूनी, नऊ वर्षं, शुक्रवारपासून बेपत्ता.

"हो," तो म्हणाला.

"माझी जूनी," व्हर्लिन मॅक्सीनला म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "काल दुपारी अस्वलामागे गेली, डोंगराची धार ओलांडली, आणि चार वीसला ठावठिकाणा दाखवणाऱ्या पट्ट्याची खूणच बंद झाली. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. मग माझ्या वासाला परत येईल म्हणून कोट ठेवून आलो पॉप्लरखाली. आली बघ. आता कोटावर पसरून झोपली असेल म्हातारी."

"मग इथे काय करतोस? जा की," मॅक्सीन म्हणाली.

तो लंगडत निघालासुद्धा. नोलन दाराबाहेर येईपर्यंत त्याची गाडी रस्त्याला लागली होती.

सॉरेल खिंड दुकानापासून अकरा मैल. नोलन त्याच्या मागोमाग होता. प्रत्येक वळणावर हौद्यातली पिशवी इकडून तिकडे सरकत होती आणि तिचा आवाज त्याला ऐकू येत होता. दोनदा त्याने दिवे लावून थांबायची खूण केली. व्हर्लिन आरशात बघणाऱ्यांपैकी नव्हता.

पॉप्लरपाशी व्हर्लिन चिखलात वाकून उभा होता. बुंध्याभोवती कुत्र्याच्या पावलांची गोल वाट पडली होती, एकावर एक, दहा-बारा वेढे. काही ठसे नोलनच्या बुटांच्या ठशावर उमटलेले होते.

"आली होती," व्हर्लिन म्हणाला. "कोट कुठे गेला?"

नोलनने पिशवी आणून गाठ सोडली. व्हर्लिनने कोट हातात घेतला, नाकाशी धरला आणि पुन्हा धरला.

"काय केलंस याला?"

"फवारा मारला. वास जावा म्हणून."

"गेला," व्हर्लिन म्हणाला.

त्याने कोट नाकापासून खाली घेतला.

"कोट का ठेवतात, तुला ठाऊक नव्हतं?"

"ऐकलं होतं. त्या वेळी डोक्यात आलं नाही."

"मग काय आलं डोक्यात?"

"वाटलं, माझं हरीण पळवायला कुणीतरी मुद्दाम टाकलाय."

"तुझ्या हरणासाठी मी माझा धड कोट टाकीन? फाटका टाकला असता की."

नोलनला हसू आलं नाही. व्हर्लिनही हसत नव्हता. त्याने अंगातला लोकरी शर्ट काढला आणि बुंध्याशी पसरला. थंडीत आतल्या पातळ गंजिफ्रॉकवर तो उघडा पडल्यासारखा दिसत होता. नोलन आपलं जाकीट काढू लागला.

"ते नको. त्याला माणसाचा वासच नाही, मला ऊब तरी कशी येणार त्यात," व्हर्लिन म्हणाला. मग जरा थांबून, "वर किती वेळ बसू शकतोस न हलता?"

"दहा तास बसलोय."

"मग बस. मी इथे राहिलो तर हाका मारल्याशिवाय राहवणार नाही, आणि अस्वलाचा मार खाल्लेलं, बिथरलेलं कुत्रं हाकेला उलटं पळतं. तुझा तर वासच येत नाही म्हणतोस."

"दहा वाजून गेलेत. करार..."

"करार माझ्याही सहीचा आहे. चढ वर."

नोलन साडेअकराला मचाणावर चढला, धनुष्य गाडीतच ठेवून. तिथून शर्ट नुसत्या डोळ्यांना एका लाल ठिपक्याएवढा दिसत होता, म्हणून त्याने दुर्बीण लावली. प्रत्येक खार त्याला कुत्री वाटत होती. व्हर्लिनने ठेवलेल्या वाडग्यातल्या पाण्यावर पानं पडत होती. पाच वाजून चाळीस मिनिटांनी आठ टोकांचा नर झाडीतून बाहेर आला, मचाणाच्या अठरा पावलांवर थांबला, खालच्या शर्टाचा वारा त्याला लागला आणि फुरफुरत पळाला. नोलनने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. तो आला होता त्या दिशेकडून आणखी काही येतं का, हे तो बघत राहिला. काही आलं नाही. दिसेनासं झालं तेव्हा तो उतरला.

संध्याकाळी मॅक्सीनने फोन केला. कोटाचं ऐकून तिघा कुत्रेवाल्यांनी दुकानात येऊन विचारलं होतं, कागदावरची सही खोडायची झाली तर पेन कुठलं वापरायचं. तिने त्यांना सांगितलं होतं, आधी व्हर्लिनला विचारून या.

"मग?"

"व्हर्लिन फोन उचलत नाही."

रविवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी दोघं पॉप्लरपाशी होते. रात्री दहिवर गोठलं होतं, जमीन टणक झाली होती आणि तिच्यावर नवा ठसा एकही उमटलेला नव्हता. शर्ट ठेवला होता तिथेच होता. व्हर्लिनने ऊब लागते का म्हणून त्याखाली हात घालून पाहिलं आणि हात काढला. वाडग्यातलं पाणी दोन बोटं कमी झालं होतं.

"रॅकूनसारखं रानजनावरही पितं," व्हर्लिन म्हणाला, आणि वाडगा पुन्हा काठोकाठ भरला.