आधी फडकं

पांढऱ्या चादरीवर काळा केस लांबूनही दिसतो.

बिस्किट दाखवलं की लॅब्रेडॉर चोराचाही सोयरा होतो.

चिमणी कॉलेजच्या जिन्यात बसलेली सापडली. आपण अजून चढतोच आहोत, असं तिला वाटत होतं.

शेफर्ड एका माणसाचा कुत्रा. दुकानात दिवसभर परकी माणसं.

कपड्याला घामाचा वास राहिला, तर ती धुलाई कसली?

हे सगळं लॉन्ड्रीवाल्याच्या डोक्यात एकदमच फिरत होतं आणि त्यातलं काहीही तळाला बसत नव्हतं.

चिमणी त्याची एकुलती एक लेक, कॉलेजात शिकणारी. तिच्या रक्तातली साखर एकाएकी उतरायची. पूर्वी तिला आधी कळायचं. हात थरथरायचे, ओठ बधिर व्हायचे. आता काहीच कळेनासं झालं होतं. दंडाला चिकटवायचं साखर मोजणारं मशीन आणलं, तर चिकटपट्टीखालची कातडी सोलून निघाली. डॉक्टर म्हणाले, कुत्रा बघा. साखर उतरली की घामाचा वास बदलतो, तो शिकवलेल्या कुत्र्याला कळतो. पुढे आणखी एक गोष्ट त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितली. ती लॉन्ड्रीवाल्याने घरी आणलीच नाही. एखाद्या दुपारी चिमणी झोपेल आणि उठणार नाही, असं ते म्हणाले होते.

मग महिनाभर घरात कुत्र्यांच्या जातींशिवाय विषय नाही.

"लॅब्रेडॉर घे," चिमणी म्हणायची. "माझ्यासारखाच. सारखं खायला लागतं."

"आणि त्याचे केस? हॉस्पिटलच्या चादरी परत येतील सगळ्या," आत्या म्हणायची. आत्या म्हणजे लॉन्ड्रीवाल्याची थोरली बहीण. चिमणीची आई गेल्यापासून इस्त्री आणि घर दोन्ही तिच्या हातात. "शेफर्ड आण. निदान उधारीवाले तरी पळतील."

"ताई, गिऱ्हाइकंही पळतील."

शेवटी कुरळ्या केसांची पूडल ठरली. केस गळत नाहीत, माणसांना बिचकत नाही, डोकं तल्लख. फोटो बघून आत्या म्हणाली, "हे कुत्रं आहे की कोणी अर्धवट सोडलेला स्वेटर?" त्या दिवशी तिघं पोट धरून हसली.

कुत्री शिकवणाऱ्या केंद्रातल्या ट्रेनरबाईंनी मात्र सांगून ठेवलं होतं, "जात तुम्ही निवडा, पण शेवटचा शब्द नाकाचा. साखर उतरेल तेव्हा तिच्या मानेचा घाम सुती फडक्याने टिपा, बरणीत घाला, फ्रीजरमध्ये ठेवा. आणि क्रम चुकवायचा नाही. आधी तिला गोड रस पाजा, मगच घाम टिपा. आधी रस, मग फडकं."

त्याने तसंच केलं. प्रत्येक वेळी आधी रस, मग फडकं. फ्रीजरमध्ये बरण्यांची रांग लागली.

चाचणीच्या दिवशी पूडल प्रत्येक बरणीपाशी गेली, हुंगलं आणि पुढे झाली. लॅब्रेडॉरने तेच केलं. शेफर्डने तर जांभई दिली. ट्रेनरबाईंनी एक बरणी नाकाशी नेली. मग चिमट्याने फडकं बाहेर काढलं. पांढरंशुभ्र, चौकोनी घडी, कडक इस्त्री.

"ह्याला नीळ घातलीय का हो?"

लॉन्ड्रीवाल्याला घाम फुटला.

घरी आत्या म्हणाली, "मीच धुतली. परक्यांच्या दारात आपलं फडकं जायचं आणि ते असं पिवळं, वास मारणारं? लोक काय म्हणतील, लॉन्ड्रीवाल्यांच्या घरचं हे?"

"ताई, तो वासच हवा होता गं."

"मला काय सांगितलं होतंस?"

त्याने सांगितलंच नव्हतं. सांगायला बसला असता, तर डॉक्टरांचं वाक्यही तोंडून निसटलं असतं. आत्या इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी राहिली. नंतर कितीतरी वेळ ती एकच उशीची खोळ इस्त्री करत होती.

शुक्रवारी कुत्री वाटून टाकणार होते. पुढची तुकडी वर्षाने. ट्रेनरबाई म्हणाल्या, "तोवर एक तरी खरं फडकं आणा. एक पुरेल."

एक फडकं म्हणजे लेकीची साखर एकदा उतरायला हवी.

तो वाट बघू लागला.

सोमवारी चिमणी छान जेवली, आणि त्याला राग आला. मंगळवारी ती गाणं गुणगुणत कपड्यांना नंबर लावत होती. तो तिच्या कपाळाकडे बघत राहिला. कोरडं. ज्याची धास्ती घेऊन तो वर्षानुवर्षं जगला, त्याचीच आता चातकासारखी वाट. बुधवारी ती म्हणाली, "बाबा, असा काय बघतोस? मी काय दूध आहे, उतू जायला?"

"काही नाही गं."

गुरुवार. दुपार. आत्या गिऱ्हाइकांकडे पोचवायचे कपडे घेऊन गेलेली. चिमणी बाकावर बसून पावत्या लावत होती, आणि तिचा हात थांबला.

मानेवर घाम.

आधी रस.

त्याने फडकं उचललं.

टिपलं. एवढंसं ओलं झालं. पुरेल का? एक पुरेल म्हणाल्या होत्या, पण हे पुरेल का? कानामागे टिपलं. केसांच्या मुळाशी.

"बाबा," ती म्हणाली. जीभ जड. "जिना... संपत नाही."

"संपेल हं, बाळा. झालंच."

बरणी. झाकण. झाकण आट्यांवर बसेना. तिरकं बसलं, पुन्हा काढलं.

बसलं.

रसाची बाटली ओठाला लावली तेव्हा रस हनुवटीवरून ओघळला. ती गिळत नव्हती. डोळे वर गेले, आणि बाकावरून ती त्याच्या अंगावर कलंडली.

आत्या दारातून आली ती गठ्ठा टाकूनच. साखर चढवायचं लाल डबीतलं इंजेक्शन तिनेच मांडीत टोचलं. त्याच्या हातून त्याचं टोपणही निघालं नव्हतं. मग दोघं जमिनीवर बसून राहिली, मध्ये चिमणी. ड्रायर तेवढा चालू होता. तिने डोळे उघडायला किती वेळ घेतला, ते त्याला कोणी विचारलं तरी सांगता आलं नसतं.

आत्याची नजर टेबलावर गेली. बरणी, नीट झाकण लावलेली. शेजारी रसाची बाटली, जवळजवळ भरलेली. आत्या अडाणी नव्हती.

"दादा," ती हळूच म्हणाली. ती थोरली, त्याला कधीच दादा म्हणत नसे. "आधी काय केलंस रे?"

त्याने बरणी उचलून फ्रीजरमध्ये ठेवली.

शुक्रवारी पूडल बरण्यांच्या रांगेतून चालत गेली. चौथ्या बरणीपाशी थांबली, पुन्हा हुंगलं, आणि खाली बसली. ट्रेनरबाईंनी टाळी वाजवली. "बघा! काय सुरेख नमुना आणलात! इतका तीव्र क्वचितच मिळतो."

चिमणीने कुत्रीच्या कुरळ्या मानेत तोंड खुपसलं. मग मान वर करून तिने बापाकडे पाहिलं. हसू तसंच होतं, पण नजर त्याच्यावर थांबून राहिली.

"तीव्र म्हणजे कसा?" तिने विचारलं.

"म्हणजे साखर अगदीच खाली असताना घेतलेला," ट्रेनरबाई म्हणाल्या. "पण क्रम पाळलात ना?"

लॉन्ड्रीवाल्याने तोंड उघडलं. आत्याने पट्टा हातात घेतला. चिमणी वाट बघत होती.

ही पूडल जन्मली त्या सकाळी, साखर उतरताना आधी कळायचं त्या दिवसांत, चिमणी एकटी पोहायला गेली होती आणि धडधाकट घरी आली होती.