गॅरेजच्या फाटकाचा भाव

"सहा हजार लागतीन, वहिनी," मेहबूब म्हणाला आणि फाटकाच्या गंजलेल्या पत्र्यावर नख घासत पुढच्या बोलण्याची वाट पाहू लागला.

पुढचं बोलणं म्हणजे 'अरे बापरे', नाहीतर 'लुटता काय गरिबाले'. वाशीमात रंगकामाचा भाव असाच ठरतो. पेंटरने दुप्पट सांगायचं, घरमालकाने अर्ध्याहूनही कमी मागायचं, मध्ये एक चहा व्हायचा आणि दोघांनीही आपणच जिंकलो अशा थाटात मधल्या आकड्यावर यायचं. त्यात कोणी कोणाला फसवत नसतं. तीस वर्षांत मेहबूबने एकही भाव पहिल्या तोंडाने खरा सांगितला नव्हता, आणि तरीही मोहल्ल्यात तो सचोटीचा माणूस म्हणूनच ओळखला जायचा.

पण पंचफुलाबाई म्हणाल्या, "बरं."

एवढंच. त्या आत गेल्या आणि नोटा घेऊन आल्या.

"सारेच ठिवा आता. रंग आना लागन तुमाले. रविवारी आमच्या पोरीले, निकिताले, पाहाले पाहुने येऊन राह्यले. गाडीच्या खोलीचं हे फाटकच पयले दिसते रस्त्यावरून."

मेहबूब गडबडला. "वहिनी, तुमी काईच म्हनलं नाई."

"म्हनू काय? हे सांगत ना, मेहबूब एकच भाव सांगते म्हून. तुमी सांगतलं म्हंजे तेवढंच लागत असन."

'हे' म्हणजे रामकिसनभाऊ. कचेरीत कारकून होते, गेल्या वर्षी वारले. हे घर मेहबूबने त्यांच्यासाठी चार वेळा रंगवलं होतं आणि चारही वेळा ओसरीवर अर्धा अर्धा तास घासाघीस झाली होती. भाऊंना तिचा भारी शौक. आकडा जमला नाही की घर स्वतःचं असूनही "चाल्लो मी" म्हणून उठायचे! पण ही मजा ओसरीवरच राहायची. आत चहा टाकणाऱ्या पंचफुलाबाईंच्या कानावर फक्त शेवटचा आकडा जायचा. भाऊंनी बायकोपाशी मेहबूबची इतकी इज्जत करून ठेवली आहे, हे त्याला आज कळत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. वहिनी, बत्तीसशेत होते. तीन शब्दांचं काम. पण एकदम अर्ध्यावर यायचं तर वरचे कशाचे मागितले होते, याला उत्तर काय? मेहबूबने नोटा खिशात घातल्या, आणि चुकलं ते तिथे.

घरी त्याची बायको सितारा तांदूळ निवडत बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

"तो वापस कर देव ना," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "इसमें क्या सोचना?"

"वापस करेंगा तो समझ जाएंगी ना वो."

"अच्छा. और रख लेंगे तो?"

मेहबूब उठून ब्रश धुवायला गेला.

मग त्याने पळवाट काढली. पैसे परत देता येत नाहीत तर काम देऊ. फाटक त्याने पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडलं, खड्ड्यांत लांबी भरली, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात दिला आणि दोन हातांच्या जागी तेलरंगाचे तीन हात दिले. तरी हिशेब बसेना म्हणून खिडक्यांच्या जाळ्या रंगवल्या. मग जिन्याचा कठडा. शनिवारी सकाळी तो नळाच्या पाइपाला रंग देताना दिसला तेव्हा पंचफुलाबाईच ओरडल्या.

"मेहबूबभाई, काहून एवढं करून राह्यले? हे तं ठरलं नोतं."

"राह्यलेला रंग वाया जाते, वहिनी."

"जाऊ द्या ना. या वयात शिडीवर चढता, मले पाहून भेव वाटते."

त्यांनी त्याच्यासाठी गरम पोहे आणले, वर शेंगदाणे जास्तीचे. ते खाताना मेहबूबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी शिव्या घातल्या असत्या तर त्याने सुखाने ऐकल्या असत्या, पण पोह्यांपुढे माणूस काय बोलणार? त्याने चाचरत म्हणून पाहिलं, "वहिनी, रंग जरा कमीच लागला. थोडे पैसे..."

"ठिवा मुकाट्यानं. मेहनतीचे हायत," असं म्हणून त्या ताटली घेऊन निघूनही गेल्या.

संध्याकाळी समोरचे गुलाबसिंग रस्ता ओलांडून आले. एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, मेथीच्या जुडीवरसुद्धा दहा मिनिटं वाद घालणारा. फाटकापुढे उभे राहून त्यांनी आपला चेहरा त्यात दिसतो का ते पाहिलं.

"वा! आमच्याबी फाटकाले असंच करून द्या. माप तेच हाय. किती घ्यान?"

बाजूलाच पंचफुलाबाई उभ्या होत्या. सहा म्हणावं तर पुन्हा तेच पाप, आणि बत्तीसशे म्हणावं तर... तो ब्रश पुसत राहिला.

त्याच्याऐवजी पंचफुलाबाईच बोलल्या. "सहा हजार देल्ले मी."

"सहा!" गुलाबसिंगांचे डोळे विस्फारले. "हा काय भाव झाला? साडेतीन घ्या, भाऊ."

"तोंड सांभाळा, गुलाबसिंगभाऊ," पंचफुलाबाई कडाडल्या. एवढ्या जोरात त्यांना बोलताना मेहबूबने कधी ऐकलं नव्हतं. "याच्यासंगं भाव करता? आमच्या घरी वीस वर्षांत कोनं केला नाई. हे म्हनत, हा मानूस खोटा आकडा सांगतच नाई. चार दिवस पाहून राह्यली मी, न सांगता सारं घर रंगवलं त्यानं."

गुलाबसिंग ओशाळले. वयाने मोठा माणूस, पण त्यांनी खरंच हात जोडले. "चुकलं, मेहबूबभाई. सवय वाईट आमची. घ्या सहा."

त्या जोडलेल्या हातांकडे मेहबूबला पाहवेना.

"बत्तीसशे लागते," तो म्हणाला.

"आँ?"

"बत्तीसशे. मजुरी धरून. वहिनीच्या फाटकालेबी तेवढेच लागत होते." आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणं होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. "मी दुप्पट सांगतलं होतं, वहिनी. भाऊ नेहमी अर्ध्यावर आनत, म्हून सांगतलं. तुमी बरं म्हनलं अन् मंग मले बोलताच नाई आलं."

पंचफुलाबाई पुढे आल्या.

"हे भाव करत होते?"

"दरखेपेले. लय मजेनं करत."

"मले कदी सांगतलं नाई," त्या म्हणाल्या. हे त्या मेहबूबला म्हणत होत्या की आणखी कोणाला, कळलं नाही.

मेहबूबने खिशातून अठ्ठावीसशे काढून ओट्यावर ठेवले. त्यांनी ते उचलले नाहीत. त्या रागावल्या असत्या, रडल्या असत्या, तर त्याला पाय तरी धरता आले असते. पण त्यांचा चेहरा नुसता थकला. नवऱ्याच्या ज्या शब्दावर त्या आताच शेजाऱ्याशी भांडल्या होत्या, तो शब्द त्यांच्यापाशी उरला नव्हता. घरात पाहुण्यांसाठी काय काय आणायचं राहिलं आहे, असं काहीतरी पुटपुटत त्या वळल्या. दारापाशी थांबल्या.

"गुलाबसिंगभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी तीन हजार म्हना. भाव करून घ्या. करा लागते."

दार लागलं. गुलाबसिंगांनी घसा खाकरला आणि रस्त्याकडे पाहत विचारलं, "तीन?"

"तीन," मेहबूब म्हणाला. गुलाबसिंगांनी दोन म्हटले असते, तरी तो हो म्हणाला असता.