फळमाश्यांचं स्थळ

मावशीनं आयुष्यात कितीतरी लग्नं जुळवली होती आणि त्यातलं एकही मोडलं नव्हतं, असं ती स्वतःच सांगायची. तिची भाची तिच्याकडे राहून विद्यापीठात आनुवंशिकी शिकत होती. म्हणजे एका अर्थानं तीही लग्नंच लावत होती, पण फळमाश्यांची.

त्या महिन्यात प्रयोगशाळेला रंग द्यायला काढला. रंगाच्या वासानं माश्या मरतील म्हणून प्रयोग घेणाऱ्या मॅडमनी प्रत्येकाला आपापल्या बाटल्या घरी न्यायला सांगितल्या. भाचीनं आपल्या तीन बाटल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडल्या. एकीत पांढऱ्या डोळ्यांच्या, अजून नराचं तोंडही न पाहिलेल्या माद्या. दुसरीत लाल डोळ्यांचे नर. तिसरीत पांढऱ्या डोळ्यांचे नर, पुढच्या प्रयोगासाठी राखून ठेवलेले.

आणि नेमका तेव्हाच बियाणे केंद्रावरचा पंधरा दिवसांचा अभ्यासदौरा आला. भाचीनं मावशीला पढवलं. लाल डोळ्यांच्या नरांना माद्यांच्या बाटलीत सोडायचं, अळ्या दिसल्या की थोरल्या मंडळींना खिडकीबाहेर घालवायचं आणि कापसाचा बोळा घट्ट बसवायचा. मावशीनं भिंग लावून दोन्ही पक्ष न्याहाळले.

"हे स्थळ ठरवलं कुणी?" तिनं विचारलं.

"मॅडमनी."

"हं," मावशी म्हणाली आणि तेवढ्यावरच थांबली. भाचीनं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दौऱ्याहून परतल्यावर भाची बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेली. ईथरचा वास देऊन तिनं पोरांना झोपवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पुस्तकाप्रमाणे मुलगे आईवर जाऊन पांढऱ्या डोळ्यांचे आणि मुली बापावर जाऊन लाल डोळ्यांच्या निघायला हव्या होत्या. पण इथं झाडून सगळ्या मुलीसुद्धा पांढऱ्या डोळ्यांच्या. बापाचा लाल रंग कुणीतरी पुसून टाकावा तसा नाहीसा झाला होता. तिनं पुन्हा पाहिलं, भिंगाची काच पुसून पाहिलं. शेवटी मॅडमना बोलावलं.

मॅडम एरवी हसण्यासाठीसुद्धा लेखी परवानगी मागतील अशा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ वाकून पाहिलं आणि त्यांचे कान हळूहळू लाल झाले. आपल्या विभागात असं काही आजवर झालेलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या आणि तडक विभागप्रमुखांकडे गेल्या. प्रमुखांनी शुक्रवारी सगळ्यांची सभा ठेवली.

भाची घरी आली ती जमिनीपासून चार बोटं वरूनच. नव्या जनुकाला नाव काय द्यावं, याचा विचार करत ती जेवायला बसली.

"काय गं, पोरं कशी निघाली?" मावशीनं वाढता वाढता विचारलं.

"सगळी पांढऱ्या डोळ्यांची."

"मग? निघणारच. आईबाप दोघंही पांढऱ्या डोळ्यांचे."

भाचीनं घास परत ताटात ठेवला. मावशी मात्र निवांतपणे सांगत होती. ते लाल डोळ्यांचे नर तिला मुळीच पसंत पडले नव्हते, रात्रभर कुठंतरी उंडारून आल्यासारखे दिसत होते. शेजारच्याच बाटलीत चांगली शोभणारी मुलं असताना दूर कशाला जायचं? तिनं स्थळ बदललं होतं. लाल डोळ्यांच्यांना मान राखून खिडकीतून निरोप दिला होता.

"मावशी, तो प्रयोग होता," भाची रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आणि त्या कुणाच्या लेकी नव्हत्या?"

दुसऱ्या दिवशी भाचीनं मॅडमना सगळं सांगितलं. सभा आता रद्द करता येणार नव्हती, कारण प्रमुखांनी शेजारच्या दोन विभागांनाही बोलावलं होतं. तेव्हा मॅडमनी फक्त विषय बदलला: प्रयोगातील चुका कशा टाळाव्यात. बोलणार भाची.

सभेत भाची खाली मान घालून बोलली. घरातल्या एका व्यक्तीकडून नर बदलले गेले, असं तिनं मोघम सांगितलं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून मावशी उठली. आपल्याला कुणी बोलावलेलं नाही, हे तिच्या गावीही नव्हतं.

"ती व्यक्ती मी," ती म्हणाली. "पोरीला बोल लावू नका. पण मला एक सांगा, असल्या लाल डोळ्यांचा जावई तुमच्यापैकी कुणी करून घेतला असता?"

प्रमुख आदल्या रात्री उत्तरपत्रिका तपासत जागले होते. त्यांचे डोळे तांबडे झाले होते. सगळ्या सभागृहानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आपापल्या पायांकडे. पहिलं हसू फुटलं ते मॅडमना, आणि एकदा फुटल्यावर ते त्यांना काही केल्या आवरेना. प्रमुखांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि आपली पत्नीही अधूनमधून हेच म्हणते, असं कबूल केलं.

भाचीनं प्रयोग पहिल्यापासून केला, या खेपेला प्रयोगशाळेतच. मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निघाले, मुली लाल डोळ्यांच्या, अगदी पुस्तकाबरहुकूम. गुण चांगले मिळाले. तरी बाटलीकडे पाहताना तिला वाटायचं, त्या एका दुपारी आपण केवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ होतो.