पाय ठेवायला जागा

मी एक जुना उंबरठा आहे, भालकीच्या श्रीपतरावांच्या घराचा. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, याला आतलं-बाहेरचं सगळं ठाऊक असणार. कसलं काय! मी देव आहे की लाकूड, एवढं साधंही मला आजवर कळलेलं नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. निर्णा गावच्या सुतारानं बाभळीच्या खोडातून मला घडवलं. चांगला हातभर रुंद, आणि उंचही भरपूर. पावसाचं पाणी, विंचूकाटा आत येऊ नये म्हणून. सगळ्यांनी वाहवा केली. मग श्रीपतरावांची आई, सत्यभामाबाई, नवरी होऊन आल्या. माप ओलांडून आत आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून रोज मला पुसून हळदकुंकू लावू लागल्या. माझ्यावर कुणी पाय ठेवला की त्याची धडगत नसे. लहानग्या श्रीपतनं त्यापायी पाठीत धपाटे खाल्ले, पुढं सून कलाबाईनं बोलणी खाल्ली.

त्याच सत्यभामाबाई म्हातारपणी, पोळ्याच्या सुमारास, मला अडखळून पडल्या. गुडघा कामातून गेला. न्हाणी आणि तुळस दोन्ही बाहेर अंगणात, आणि मध्ये मी आडवा. श्रीपतराव म्हणाले, आईला उदगीरला माझ्या बहिणीकडं, कमलबाईकडं ठेवू, तिथं सगळं सपाट आहे. पण ज्या लेकीच्या घरी त्या कधी पाणीही प्यायल्या नव्हत्या, तिच्या दारात जन्म काढायचा? सत्यभामाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

मग घर बदलायचं ठरलं आणि माझं डोकं चक्रावलं. श्रीपतराव म्हणत, न्हाणी आत घेऊ. कलाबाई म्हणे, देवघराला लागून न्हाणी नको. गवंडी वीरभद्रप्पानं सरळ मलाच कापायचं ठरवलं आणि माझ्यावर कोळशानं रेघ ओढली. सकाळी सत्यभामाबाई भिंत धरून आल्या आणि त्या रेघेवरच कुंकू लावून गेल्या. करवत जागच्या जागी राहिली. आता मला कापणार की पुजणार?

शेवटी आतबाहेर मुरूम भरून, शहाबादी फरशी घालून जमीनच माझ्याइतकी उंच केली. अंगणाकडं उतार दिला. दार खालून कापलं, मी वाचलो. श्रीपतराव येता-जाता चौकटीला कपाळ आपटून घेऊ लागले. तरी सगळे खूश होते.

सत्यभामाबाई काठी टेकत आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. मला ओलांडायला लांब ढांग हवी, ती त्या गुडघ्याला जमेना.

"अव्वा, चढायचं न्हाई, उतरायचं न्हाई. कामून थांबलाव?" वीरभद्रप्पानं विचारलं.

"लक्ष्मीवर पाय कसा ठेवू रे?"

इतके दिवस एवढी खटपट चालली होती, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी तर मनातल्या मनात ओरडत होतो, ठेवा हो, ठेवा! पण माझं कोण ऐकणार?

तेवढ्यात कलाबाई खाली बसली. तिनं पदरानं माझ्यावरचं मधलं कुंकू पुसलं आणि दोन्ही टोकांना नवं लावलं.

"आत्याबाई, लक्ष्मी दोन्हीकडं बसलीय. मधली जागा तुमची."

सत्यभामाबाईंनी काठीसकट वाकून मला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि पाय ठेवला. पलीकडं जाऊन त्यांनी तुळशीला पाणी घातलं. उदगीरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांसाठी घर बदलायला काढाल, तेव्हा गवंड्याच्या आधी त्यांना विचारा, पाय नेमका कुठं अडतो. मी देव की लाकूड, हा घोळ माझा अजून सुटलेला नाही. कुंकू अजून दोन्ही टोकांनाच लागतं. मध्ये मी थोडा झिजलोय. लोक म्हणतात, हा उंबरठा आता बदला. एवढं करू नका हो. ती झीज सत्यभामाबाईंच्या पायाची आहे.