रात्रीला पुरेल असं

सैकालने दोन्ही पाकिटं आळीपाळीने दाबून पाहिली. एक फुगीर होतं पण आखूड. दुसरं चपटं, लांब, वर चंद्राची कोर छापलेली.

"रात्रीसाठीच ना? मग चंद्राचं घे," गल्ल्यामागून दुकानदारीण अनारकान म्हणाली. "मागून रुंद आहे. कुशीवर वळलीस तरी सरकायचं नाही."

"आणि पालथं झोपलं तर?"

हे सैकालने विचारलं नव्हतं. साखरेच्या पोत्याला टेकून तिची सासू उभी होती आणि तिची नजर पाकिटावर खिळली होती.

"पालथं झोपलं तरी चालतं, आपा."

"सकाळपर्यंत? मध्ये उठावं लागत नाही?"

"फार जात असेल तर एकदा उठून बदलायचं. एरवी नाही."

सैकालचे कान तापले. हिवाळ्यात लग्न होऊन ती या घरात आली, आता डोंगरावरच्या कुरणांत गवत गुडघ्याला लागत होतं, आणि दर महिन्याला हे पाकीट घेणं म्हणजे साऱ्या घराला ओरडून सांगणं होतं की अजून काही नाही. मिठासाठी म्हणून सासू आज मुद्दाम तिच्याबरोबर खाली गावात उतरली होती. मीठ तर सासराही आणू शकला असता.

अनारकानने फळीवरून एक लहानशी डबी काढली. "शहरातल्या मुली हे नेतात. आत घालायचं. पण हे घालून रात्रभर घोरत पडायचं नाही हं, तासांवर लक्ष ठेवावं लागतं. नाहीतर तापाने फणफणायची पाळी येते."

"आत?" सासूने विचारलं. "आणि तिकडेच राहिलं तर?"

तिचा चेहरा इतका गंभीर होता की अनारकानच्या ओठांवर आलेलं हसू तिथेच विरलं. सैकालने डबी परत सरकवली. मग तिने चंद्राच्या पाकिटांतलं गुलाबी, सुवासिक पाकीट उचललं, तशी सासू चटकन म्हणाली,

"वासाचं नको. खाज सुटते."

सैकालने वळून पाहिलं. मागच्या महिन्यात तिने वासाचंच घेतलं होतं, आणि खाज सुटल्याचं तिने कुणालाच, अगदी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. म्हणजे हिने आपली पिशवी उपसली, वेष्टन वाचलं, कदाचित वाळत टाकलेले कपडेही तपासले. सासूने मात्र नजर चुकवली आणि मिठाची पिशवी खांद्यावर घेतली.

"साधंच घे," ती म्हणाली. "दोन घे."

हा टोमणा होता की काय, याचा विचार करत सैकाल चढणीच्या वाटेभर घोड्यावर बसून होती. दोन घे. म्हणजे पुढच्या महिन्यालाही लागणारच आहे तुला. सासू घोड्यावर बसलीच नाही. पाय मोकळे होतात म्हणाली आणि लगाम धरून पायीच चालली. सून घोड्यावर आणि सासू पायी, असं चित्र खालच्या तंबूंतल्या बायकांनी डोळे भरून पाहिलं. तेही मुद्दामच असणार, असं सैकालला वाटलं.

कुरणावर सगळं घर एकाच तंबूत झोपायचं. लोकरीच्या नमद्याच्या गोल भिंतीला लागून गाद्या अंथरायच्या, वर सासरा, मग सासू, मग नवरा कुबात आणि सैकाल. सकाळी त्या गाद्या घडी करून लाकडी पेटीवर रचणं हे सुनेचं काम. सैकालच्या गाद्या तिच्या आईने स्वतः शिवल्या होत्या, पांढऱ्या सुती अस्तराच्या, आत मेंढीची लोकर. मागच्या महिन्यात त्यांतल्या एकीवर डाग पडला. कुणी उठायच्या आत तिने तो धुतला, पण लोकर काय लगेच वाळते? दिवसभर ती गादी दोरीवर लोंबत होती, आणि येणारा-जाणारा प्रत्येक घोडेस्वार तिच्याकडे पाहून जात होता. ते पुन्हा व्हायला नको होतं. म्हणून तर एवढी निवड.

चंद्राची पाकिटं चांगली निघाली. डाग पडला नाही. पण एक पाकीट हलकं होत चाललं होतं.

सुरुवातीला तिला वाटलं, आपलीच काहीतरी चूक. मग तिने दोन्ही पाकिटं पिठाच्या पोत्यामागे दडवली. दोन दिवसांनी तिथलंही एक आणखी चपटं झालं होतं, आणि फाडलेली कड नीट दुमडून ठेवली होती. उंदीर कड दुमडून ठेवत नाहीत.

"तुझी आई माझ्या वस्तू घेते," तिने कुबातला सांगितलं. तो वासराच्या गळ्यातली दोरी सोडवत होता.

"कसल्या वस्तू?"

तिने सांगितलं. कुबात आधी लाल झाला, मग हसायलाच लागला. "आईला काय करायचंय त्यांचं? कंदिलाच्या वाती वळणार आहे का?"

"हसू नकोस. ती केंजेकडे जाते. केंजे बिया मांडून काय काय सांगते, तुला माहीत नाही."

"सांगते की, पाऊस पडेल, मेंढी सापडेल. मेंढी कधी सापडत नाही." त्याने वासराला थापटलं. "आईवर असला संशय? अगं, ती तुझ्या पुढ्यातला चहासुद्धा स्वतः ओतते."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच सैकालला जास्त भीती वाटत होती. पलीकडच्या तंबूतली केंजे चादरीवर एकेचाळीस बिया मांडून नशीब सांगायची, आणि मूल न होणाऱ्या बाईच्या कपड्यावर मंत्र टाकते असंही लोक कुजबुजत. सैकाल शाळा शिकलेली होती. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. तरीही संध्याकाळी सासू केंजेच्या तंबूकडे निघाली की ती हातातलं काम टाकून बघत राहायची. मला घालवून दुसरी आणायची असेल तर सरळ सांगा ना, असं तिला ओरडावंसं वाटे.

त्यात सासूने अंथरूण हलवलं. वरची मानाची जागा सोडून ती दाराशी झोपू लागली. दारातून वारा येतो असं सासरा म्हणाला, तर त्याला म्हणाली, उकडतं. पहारा, दुसरं काय, सैकालच्या मनात आलं. आता बाहेर जायचं तरी हिला ओलांडून जावं लागणार. आणि सकाळी सैकाल गादी उचलायला गेली, तर सासूने तिचा हात झिडकारला.

"राहू दे. माझी मी घालीन घडी."

"आपा, माझं काही चुकलं का?"

"हात लावू नकोस म्हटलं ना."

सुनेला गादीला हात लावू देत नाही, यापेक्षा मोठा अपमान काय असतो? सैकाल गोठ्यात जाऊन गाईच्या पोटाला कपाळ टेकून रडली, आणि तिने ठरवलं की आता तोंडावर विचारायचं. होऊ दे काय व्हायचं ते.

दुसऱ्या दिवशी तिला पहाटे जाग आली तेव्हा दाराशी गादी नव्हती. सैकालने शाल ओढली आणि ओढ्याच्या दिशेने निघाली. कुत्रा उठला, तिला हुंगून परत पडला. सासू पाण्याशी ओणवी होती. तिच्यापुढे दगडावर गादीचं अस्तर पसरलेलं होतं आणि ती दोन्ही मुठींनी ते घासत होती.

"माझ्या पाकिटांतलं तुम्ही घेता," सैकाल मागून म्हणाली. वाक्य तिने रात्रभर घोकलं होतं. "कुणासाठी घेता? केंजेसाठी?"

सासू दचकली. तिने अस्तर पाण्यात लोटायचा प्रयत्न केला, पण ते दगडाला चिकटून राहिलं. सैकालला डाग दिसला. तो मोठा होता, आणि ताजा होता.

सासूने अस्तराची कड दुमडून डागावर ओढली.

"तुझे ते चांगले आहेत," शेवटी सासू म्हणाली. "चिंध्या सरकतात. ते सरकत नाहीत."

सैकाल खाली बसली. "आपा, तुमचं तर कधीच थांबलं असेल ना?"

"कुबात शाळेत होता तेव्हाच."

"मग हे कधीपासून?"

"बर्फ वितळत होतं तेव्हापासून. येतं, थांबतं, परत येतं." सासूने ओले हात मांडीला पुसले. ते थंडीने लालभडक झाले होते. "मला वाटलं, वय परत आलं. केंजेने बिया मांडल्या. म्हणाली, एका चुलीशी एकीचीच पाळी असते. तुझी जागा मी अडवून बसलेय, म्हणून तुझी कूस भरत नाही. सांग आता, हे तुला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून दाराशी गेले झोपायला. म्हटलं, तुझ्यापासून लांब राहिलेलं बरं."

सैकालला इतकी लाज वाटली की तिला वर बघवेना. एवढे दिवस ती या बाईवर शत्रूसारखी पाळत ठेवत होती, आणि ही बाई रोज पहाटे बर्फाच्या पाण्यात एकटी बसत होती. तिने अस्तराचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ते पिळलं.

"केंजेला काय कळतं," सैकाल म्हणाली. "आज खाली दवाखान्यात जायचं."

"वेडी आहेस का? या वयात? डॉक्टरीणबाई म्हणजे माझ्या चुलतभावाची सून. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात बोभाटा होईल."

"मग मी कुबातला सांगते."

ही धमकी लागू पडली. उतारावर सैकालने मुद्दाम घोडा घेतलाच नाही; त्या दिवशी सासू पायी का चालली ते तिला आता कळलं होतं. दोघी पायीच निघाल्या. वाटेत दोनदा सासू दगडावर टेकली आणि पाण्याचा घोट घ्यायचं निमित्त केलं. गाव दिसू लागल्यावर तिने सुनेचा दंड धरला.

"एक कर, पोरी. दुखणं तुझं म्हणून सांग. काय लागेल ते औषध लिहून घे, मी घेईन."

सैकाल हो म्हणाली. सासूचं तिच्यावर आता तेवढं तरी ऋण होतं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा झोपमोड झाल्यासारखा होता. सासू दाराजवळच्या बाकावर बसली, डोक्याचा रुमाल हनुवटीपर्यंत ओढून. सैकालने सांगायला सुरुवात केली. मध्येच येतं, फार जातं, रात्री अंथरूण भिजतं.

"वय काय तुझं? बावीस? लग्न नवीन?" डॉक्टरीणबाई हसल्या. "अगं, होतं असं. जागा बदलली, डोंगरावरची थंडी लागली, की पुढे-मागे होतं. रक्तवाढीच्या गोळ्या देते. रात्री लांब, रुंद पॅड वापर. दोन-तीन महिन्यांत आपोआप बसेल मार्गावर. घाबरायचं काही नाही."

बाकावरून सुटकेचा एक उसासा आला. सासू उठलीसुद्धा. तिने गोळ्यांसाठी हात पुढे केला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, कितीतरी दिवसांनी.

सैकाल खुर्चीतच बसून राहिली. तिला दिसत होतं की आपण आत्ता उठलो तर ही बाई या गोळ्या खात, आनंदाने, डोंगर चढून जाईल. आणि दर पहाटे ओढ्यावर जात राहील, जमेल तोवर.

"मला नाही होत हे," ती म्हणाली.

"म्हणजे? मग कुणाला? नाव सांग."

"सैकाल!" मागून सासूचा आवाज आला.

या डोंगरात सून सासू-सासऱ्यांचं नाव घेत नाही. मेल्यावरही घेत नाही. टपाल आलं तरी नाव वाचायला पाकीट दुसऱ्याच्या हातात देते. सैकालच्या आईने आपल्या सासूचं नाव तिच्या मयतीतही उच्चारलं नव्हतं. सैकालने गुडघ्यांवर हात घट्ट दाबले.

"बुरुलला," ती म्हणाली. "बुरुल तोकोएवा. पाळी थांबून कितीतरी वर्षं झालीत, आणि आता रक्त जातं. वसंतापासून."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पट्टी हळूच खणात परत ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरची झोप गेली होती. त्या उठून दाराशी गेल्या आणि दार आतून लावून घेतलं.

सैकालला मागे वळायचं धैर्य होत नव्हतं. थप्पड पडली असती तरी तिला नवल वाटलं नसतं.

"वय?" डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारलं.

सैकालला ते माहीत नव्हतं. घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

"एकसष्ट," तिच्या मागून बुरुल म्हणाली. मग ती तपासणीच्या टेबलापर्यंत चालत गेली, आणि सैकालच्या खांद्याचा आधार घेऊन पायातले रबरी बूट काढू लागली.